नाव न आठवणारी बिलं: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचा फाइल-शोध

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा टॉवेल कारखाना सध्या दुसऱ्या पिढीच्या हातात आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. हिशेब बरीच वर्षं मुनीमकाका बघायचे. ते घरी बसल्यावर अण्णांच्या सूनबाई ऑफिसला येऊ लागल्या. त्यांचा उल्लेख इथे ताई असा करतो. या भागातल्या काही कारखान्यांचे संगणक मी सांभाळतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

सप्टेंबर २०२३ च्या शेवटी कारखान्याला जीएसटीची नोटीस आली. विषय २०१७-१८ चा, म्हणजे १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यानंतरच्या पहिल्या नऊ महिन्यांचा. कारखान्याने स्वतः भरलेल्या ३बी विवरणपत्रात जेवढं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेतलं होतं, तेवढं २ए मध्ये दिसत नव्हतं. २ए तयार होतं पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून. फरक बहुतेक सुताच्या खरेदीतला होता. त्या वर्षाचे आदेश काढायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती आणि नोटीस त्याच्या किमान तीन महिने आधी द्यावी लागते, त्यामुळे त्या दिवसांत अनेकांच्या हाती अशा नोटिसा पडल्या.

कायद्याची बाजू सीए बघत होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी सांगितल्या आणि पुढचा सगळा शोध त्यांच्याभोवती फिरला. एक, जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे क्रेडिटसाठी बिल हातात हवं आणि माल प्रत्यक्ष आलेला हवा. दोन्ही दाखवावं लागेल. दोन, २७ डिसेंबर २०२२ च्या १८३ क्रमांकाच्या परिपत्रकाप्रमाणे एका पुरवठादाराचा फरक ५ लाखांच्या वर असेल तर माल दिला आणि कर भरला याचं सीएचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र त्याच्याकडून लागतं, तेवढा किंवा कमी असेल तर पुरवठादाराचं स्वतःचं चालतं. तीन, जे सिद्ध करता येणार नाही त्याचा कर व्याजासह नोटिशीपासून ३० दिवसांत भरला तर दंड लागत नाही. या तिसऱ्या मुद्द्यामुळे शोध कधी थांबवायचा हे आधीच ठरलं.

अडचण

जीएसटीत कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कारखान्याने ती ठेवली होती, पण पूर्व भागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर. तिथे पावसाचं पाणी गळलं आणि त्या वर्षाच्या गठ्ठ्यांतले निम्मे कागद एकमेकांना चिकटले. मुनीमकाकांना फोन केला तेव्हा ते ठामपणे म्हणाले, “ताई, सगळं स्कॅन केलंय मी. कॉम्प्युटरमध्येच आहे.”

ते खरंच होतं. प्रश्न होता कुठे. मधल्या काळात संगणक दोनदा बदलला होता आणि दोन्ही वेळी जुना डी ड्राइव्ह जसाच्या तसा नव्यात ओतला होता. ‘जुना डी’, त्याच्या आत ‘डी बॅकअप’, त्याच्या आत ‘न्यू फोल्डर २’. फाइली काही लाखांच्या घरात. स्कॅनरने दिलेली नावं तशीच राहिलेली: ‘स्कॅन’ आणि पुढे चार आकडे. बाकी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘बिल्स ऑल’.

ताईंनी एक्स्प्लोररच्या शोधचौकटीत पुरवठादाराचं नाव टाकलं होतं. हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शेवटी काहीच आलं नाही. यातून ‘फाइली गेल्या’ असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही, आणि घरात तो निघालाही होता. खरं तर त्या रिकाम्या निकालाला तीन वेगळी कारणं होती. विंडोज शोधासाठी जी अनुक्रमणिका बनवून ठेवतं, ती आपणहून फक्त वापरकर्त्याचे फोल्डर धरते. डी ड्राइव्ह तिच्यात नव्हताच. दुसरं, स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे चित्र, त्यात शोधण्याजोगं अक्षर नसतं. तिसरं, फाइलीच्या नावात पुरवठादार कुठेच नव्हता. ही तीन कारणं सुटी केली की प्रत्येकाला उपाय आहे. एकत्र राहिली की माणूस हात टेकतो.

पर्याय

चार वाटा समोर होत्या.

पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती मागवायच्या. प्रमाणपत्रासाठी त्यांच्याकडे जावं लागणारच होतं, तेव्हा हे काम लगेच सुरू केलं. पण एकाने धंदा बंद केला होता, आणि परराज्यातली एक गिरणी उत्तरच देत नव्हती.

माळ्यावरचे गठ्ठे सोडवायचे. अण्णांनी दोन कामगार लावले. जेवढं सुटलं तेवढं उपयोगी पडलं, पण त्यावर विसंबता येत नव्हतं.

फोल्डर एकेक उघडून आवराआवर करायची. घरच्यांना हीच वाट पटत होती, कारण त्यात काम होताना दिसतं. मी तिला ठाम विरोध केला. फाइली हलवल्या, नावं बदलली की त्या कुठून आल्या आणि कुणाच्या शेजारी होत्या ही माहिती जाते, आणि अशा शोधात तीच मोठी खूण असते. शिवाय जुनी एक्सेल फाइल नव्या एक्सेलमध्ये उघडली की बंद करताना बदल सेव्ह करू का असं विचारते, काही बदललेलं नसलं तरी. सवयीने हो म्हटलं की फाइलीची २०१७ ची तारीख जाऊन आजची बसते. म्हणून पहिला नियम केला: मूळ जागेवर काही हलवायचं नाही, सेव्ह विचारलं तर नको म्हणायचं, आणि सापडेल त्याची प्रत वेगळ्या फोल्डरात घ्यायची.

चौथी वाट म्हणजे कच्च्या क्वेरी लिहून शोधायचं. शोधचौकटीत नुसता शब्द न टाकता प्रकार, तारीख, आकार, जागा आणि मजकूर यांच्या अटी स्वतः जोडून लिहायच्या. आम्ही हीच मुख्य वाट ठरवली. बाकी दोन कामं सोबत चालू ठेवली.

पहिला निर्णय: आधी यादी, मग शोध

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममधून त्या नऊ महिन्यांची खरेदीवही एक्सेलमध्ये काढली: पुरवठादार, त्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम. २ए शी जुळणारी बिलं वगळली. उरली ती शोधायची यादी. हे सांगायला साधं आहे, पण ही यादी होईपर्यंत ताई ‘२०१७ ची सगळी बिलं’ शोधत होत्या. यादी झाल्यावर काम एकदम माणसाच्या आवाक्यात आलं.

त्याच एक्सेलमध्ये दुसरं पान उघडलं आणि तिथे प्रत्येक क्वेरी लिहून ठेवायची ठरवली. क्वेरी काय, का लिहिली, काय आलं. इथे त्या देवनागरीत देतो आहे. संगणकावर अटींचे शब्द रोमन अक्षरांत टाइप करायचे असतात.

दुसरा निर्णय: नावासाठी एक साधन, मजकुरासाठी दुसरं

नावं, तारखा आणि आकार यांसाठी व्हॉइडटूल्सचं ‘एव्हरीथिंग’ हे मोफत साधन घेतलं. ते फोल्डर चाळत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या) डिस्कवर फाइलींची जी मुख्य नोंदवही असते ती थेट वाचतं. त्यामुळे दहा लाख फाइलींची यादी साधारण मिनिटभरात तयार होते. फाइलीच्या आतला मजकूर मात्र ते आपणहून नोंदून ठेवत नाही. मजकुरासाठी विंडोजचाच शोध वापरायचा ठरवलं आणि इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ‘जुना डी’ जोडून संगणक रात्रभर चालू ठेवला. माणूस काम करत असताना विंडोजचा अनुक्रमणिकाकार मागे हटतो, म्हणून रात्रीची वेळ.

अण्णांची एक शंका रास्त होती. एव्हरीथिंगची सेवा बसवली की त्या संगणकावरच्या साध्या खात्यालाही डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नावं दिसतात, पगारपत्रकांची आणि घरच्या कागदांचीही. मजकूर उघडत नाही, पण नावही पुरेसं बोलतं. त्या संगणकावर दोन कारकून बसत. म्हणून सेवा न बसवता ते फक्त प्रशासक खात्यातून चालवलं.

तिसरा निर्णय: प्रत्येक क्वेरीला ओळखीच्या फाइलीची कसोटी

या प्रकरणातून एकच गोष्ट कुणी उचलणार असेल तर ही उचलावी असं मला मनापासून वाटतं. माळ्यावरच्या कागदांतलं एक बिल स्कॅनमध्ये कुठे आहे हे मुनीमकाकांना नेमकं आठवत होतं. ती फाइल आम्ही कसोटीची फाइल ठरवली. कुठलीही नवी क्वेरी लिहिली की आधी बघायचं, ही फाइल निकालात येते का. यायला हवी असूनही आली नाही तर क्वेरी चुकीची आहे. फाइली नाहीत असा अर्थ काढायचा नाही.

पहिल्याच कसोटीत उपयोग झाला. विंडोजच्या चौकटीत ही क्वेरी दिली:

एक्स्ट:पीडीएफ डेटमॉडिफाइड:०१-०७-२०१७..३१-०३-२०१८

कसोटीची फाइल आली नाही. संगणकाचं प्रादेशिक सेटिंग अमेरिकेचं राहिलं होतं. तिथे महिना आधी येतो, म्हणजे ०१-०७ ची ७ जानेवारी होते आणि ३१ हा महिनाच नसतो. सेटिंग भारताचं केल्यावर हीच क्वेरी चालली. एव्हरीथिंगमध्ये आम्ही त्यानंतर तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच लिहिली, त्यात घोटाळ्याला जागा नसते.

दुसरी कसोटी तारखेच्या प्रकाराची होती. फाइलीला तयार झाल्याची आणि बदलल्याची अशा दोन तारखा असतात. विंडोजमध्ये फाइलीची प्रत केली की तयार झाल्याची तारीख प्रत केल्याच्या दिवसाची होते आणि बदलल्याची जुनीच राहते. इथे सगळा डी ड्राइव्ह दोनदा ओतलेला. म्हणजे तयार झाल्याच्या तारखेने शोधलं तर २०१७ चं काहीच सापडणार नाही, सगळं संगणक बदलला त्या दिवशी जन्मल्यासारखं दिसेल. तेव्हापासून फक्त बदलल्याची तारीख धरली.

नावाने शोध: शब्द दिसतो तोच, पण नसतो तोच

आधी स्वस्त प्रयत्न केला. सुताला माणसं जितक्या प्रकारे लिहितात तितके शब्द ‘किंवा’ने जोडले. एव्हरीथिंगमध्ये त्यासाठी उभी रेघ असते:

सूत|सुत|यार्न|धागा

याचीच रोमन रूपं वेगळी घेतली, कारण एकच माणूस एकाच आठवड्यात तीन स्पेलिंगं करतो. विंडोजच्या चौकटीत हेच काम ‘ऑर’ या शब्दाने होतं. तो मोठ्या लिपीतच लिहावा लागतो, लहान लिपीतला साधा शब्द समजला जातो.

ताईंना पक्कं आठवत होतं की त्यांनी स्वतः ‘टॉवेल सूत बिले’ असा एक मराठी नावाचा फोल्डर केला होता. ‘टॉवेल’ शोधून तो येईना. उघड्या डोळ्यांनी फोल्डर चाळताना तो दिसला, तेव्हा ताई म्हणाल्या, “अहो, हेच तर लिहिलंय!” मग त्यातलं नाव अक्षर-अक्षर तपासलं. ‘टॉ’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ट नंतर ‘ॉ’ हे एकच चिन्ह असतं. दुसऱ्यात ट, मग काना, मग वर अर्धचंद्र, अशी दोन चिन्हं: टाॅवेल. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ती वेगळी आहेत आणि नेहमीच्या एकरूपीकरणातही एक होत नाहीत. ‘डॉ.’ आणि ‘डाॅ.’ यांचं तेच. जुन्या कळफलकाची सवय असलेल्या हातांतून दुसरं रूप हमखास येतं. यावर नियमित पदावली (रीजेक्स), म्हणजे अक्षरांचा नमुना लिहून शोधायची पद्धत, चालते:

रीजेक्स:“ट(ॉ|ाॅ)वेल”

उभी रेघ असल्यामुळे अवतरणचिन्हं लागतात, नाहीतर एव्हरीथिंग तिला आपलं ‘किंवा’ समजतं. ज्यांना हे किचकट वाटेल त्यांनी *ट*वेल* लिहावं. थोडा कचरा येईल, पण दोन्ही रूपं येतील. इथे दोन्ही टोकांच्या चांदण्या महत्त्वाच्या. चांदणी वापरली की एव्हरीथिंग नमुना पूर्ण नावाशी जुळवून बघतं, नुसतं ट*वेल लिहिलं तर ‘टॉवेल सूत बिले’ येणार नाही.

हा एक फोल्डर यादीतली बरीच बिलं देऊन गेला.

नावाशिवाय शोध

उरलेल्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ताईंना विचारलं, नाव सोडा, या फाइलींबद्दल खात्रीने काय माहीत आहे? प्रकार पीडीएफ किंवा फोटो. काळ अमुक ते तमुक. पान स्कॅन केलेलं, म्हणजे फाइल अगदी छोटी नसणार. आणि विंडोजच्या किंवा इतर प्रोग्रॅमच्या फोल्डरांत ती नसणार. हीच चार उत्तरं क्वेरी झाली:

एक्स्ट:पीडीएफ;जेपीजी;टिफ डीएम:२०१७-०७-०१..२०१८-०३-३१ साइझ:>१००केबी !पाथ:विंडोज !पाथ:“प्रोग्राम फाइल्स”

‘एक्स्ट’ म्हणजे फाइलीचा प्रकार, ‘डीएम’ म्हणजे बदलल्याची तारीख, उद्गारचिन्ह म्हणजे ‘हे नको’. निकाल हजारोंचा आला, पण फोल्डरप्रमाणे लावल्यावर बहुतेक भाग उघडपणे लग्नाचे आणि सहलीचे फोटो निघाले. ते मार्गासकट वगळत गेलो. प्रत्येक वगळणीनंतर कसोटीची फाइल अजून आहे ना, हे बघत.

इथे एक वेगळी खूण कामी आली. सुताची गाडी आली की गेटवरचा माणूस बिलाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. फोनवरून संगणकावर उतरवताना अशा फोटोंची बदलल्याची तारीख कधी कधी बिघडते, पण अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप फोटोच्या नावातच तारीख घालतं. वर्ष, महिना, दिवस सलग आठ आकड्यांत. म्हणून तारखेची अट सोडून नावाची घातली:

आयएमजी-२०१७*|आयएमजी-२०१८*

हे फोटो बिल म्हणून पुसट होते. पण गाडी गेटवर उभी असताना काढलेला फोटो, त्यात गाडीचा क्रमांक आणि बिल, हा माल आल्याचा आधार होता. सीएंना बिलांच्या प्रतींइतकंच याचं महत्त्व वाटलं.

सर्वांत मोठा वळणबिंदू: काळाची अट

एवढं करूनही यादीतली मोठ्या रकमांची काही बिलं गायब होती. इथे थांबून ‘ती स्कॅन झालीच नसतील’ असं म्हणणं सोपं होतं, आणि एका बैठकीत तसं जवळजवळ ठरलंही. तेव्हा क्वेरींचं पान उघडून प्रत्येक अट कशावर उभी आहे हे तपासलं. प्रकाराची अट मुनीमकाकांच्या सांगण्यावर होती, ती पक्की. आकाराची अट अनुभवावर. तारखेची अट मात्र बिलांच्या तारखांवर बेतली होती, आणि फाइलीची तारीख असते स्कॅन केल्याची. जानेवारीचं बिल त्याच महिन्यात स्कॅन झालं असेल असं कुणी सांगितलं?

मुनीमकाकांना विचारलं, एकगठ्ठा स्कॅनिंग कधी केलं? ते म्हणाले, वार्षिक रिटर्नच्या वेळी. २०१७-१८ च्या वार्षिक विवरणपत्राची मुदत पुन्हा पुन्हा वाढत फेब्रुवारी २०२० पर्यंत गेली होती. म्हणजे आमची खिडकी जवळजवळ दोन वर्षं आधीच बंद होत होती. शेवटची तारीख २०२०-०३-३१ केली, फक्त पीडीएफ ठेवल्या आणि निकाल आकारानुसार उतरत्या क्रमाने लावला. वरच्या काही ओळींतच ते गठ्ठे दिसले: ‘बिल्स ऑल’ नावाच्या, प्रत्येकी कित्येक पानांच्या मोठ्या फाइली. डिस्क दोनदा ओतल्यामुळे प्रत्येकीच्या प्रती होत्या. त्या खरंच एकच आहेत का हे विंडोजमधल्या सर्टयूटिलने हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी आकडी खूण) काढून पाहिलं आणि एकेकच ठेवली.

चित्रातून अक्षरं

गठ्ठे सापडले, तरी शेकडो पानांतून नेमकं बिल काढायचं होतं. सगळ्या डिस्कवर अक्षरओळख चालवणं वेळखाऊ झालं असतं. फक्त छाटून उरलेल्या फाइलींच्या प्रतींवर ओसीआरमायपीडीएफ चालवलं. ते आतून टेसरॅक्ट वापरतं आणि मूळ चित्राखाली शोधता येईल असा मजकुराचा थर घातलेली नवी पीडीएफ देतं. ती विंडोजच्या अनुक्रमणिकेत घेतली.

मजकुरात काय शोधायचं हाही निर्णयच होता. पुरवठादाराचं नाव लेटरहेडवर नक्षीदार अक्षरांत असतं, अक्षरओळख तिथेच अडखळते. जीएसटी क्रमांक मात्र बहुतेक साध्या ठशात छापलेला असतो. तो १५ अक्षरांचा: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, तमिळनाडूचे ३३, पुढची दहा पॅन, मग तीन. अक्षरओळख शून्य आणि ओ, ५ आणि एस, ८ आणि बी यांत गोंधळते. पूर्ण १५ अक्षरं टाकली तर एका चुकीने बिल हुकतं. विंडोजचा शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, याचा इथे फायदा घेतला. राज्याचे दोन आकडे आणि पॅनची पहिली पाच अक्षरं, एवढंच टाकायचं. शेवटाकडे काय चुकलंय याने फरक पडत नाही. ज्या पुरवठादाराचं यानेही येईना, तिथे बिलाची रक्कम स्वल्पविरामासकट अवतरणात टाकून पाहिली. त्यातून आणखी काही निघाली.

आवक नोंदवही

माल आल्याची वही मुनीमकाका वर्डमध्ये श्रीलिपीत टाइप करायचे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलीत त्या जागी रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. म्हणून युनिकोडमधलं ‘सूत’ तिथे कधीच सापडणार नाही. आम्ही त्यातली एक फाइल उघडली, ‘सूत’ हा शब्द तिथूनच कॉपी केला आणि एव्हरीथिंगच्या ‘कंटेंट:’ अटीत चिकटवला. चौकटीत निरर्थक चिन्हं दिसली, पण बाकीच्या फाइलींतही तीच चिन्हं असल्यामुळे वह्या धडाधड सापडल्या. ही अट प्रत्येक फाइल उघडून वाचते, म्हणून तिच्याआधी मार्ग आणि प्रकार यांच्या अटी लावून फाइली मोजक्याच ठेवल्या होत्या.

निकाल

यादीतली बहुतेक बिलं सापडली आणि त्यांना आवक नोंद किंवा गेटचा फोटो जोडता आला. ५ लाखांच्या वरच्या पुरवठादारांची सीए प्रमाणपत्रं मिळवताना ही बिलंच उपयोगी पडली. आपलंच बिल समोर आलं की परराज्यातली गप्प गिरणीही बोलू लागली.

काही बिलं सापडलीच नाहीत. ती मुख्यतः धंदा बंद केलेल्या पुरवठादाराची होती. मुदतीचे थोडे दिवस उरले असताना अण्णा, ताई आणि सीए बसले. नवरात्र सुरू झालं होतं, घरात घट बसले होते. अजून शोधूया असं ताईंना वाटत होतं. मी क्वेरींचं पान पुढे ठेवलं: कुठे, कोणत्या अटींनी शोधलं आणि जिथे यायला हवी त्या प्रत्येक क्वेरीत कसोटीची फाइल आली होती, हे त्यात दिसत होतं. त्यावरून न शोधलेला कोपरा उरलेला नाही एवढं खात्रीने म्हणता आलं. अण्णांनी उरलेल्या रकमेचा कर व्याजासह ३० दिवसांच्या आत भरायचा निर्णय घेतला. बाकीच्या रकमेचं उत्तर कागदांसह दिलं आणि ते मान्य झालं. दंड लागला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

तारखेच्या अटीचा प्रश्न पहिल्या दिवशीच मुनीमकाकांना विचारता आला असता: बिलं कधीची, हे नव्हे, स्कॅन कधी केलं, हे. फाइली करणाऱ्या माणसाची सवय ही सर्वांत चांगली अट असते. पण कुटुंबाला त्यांना निवृत्तीनंतर त्रास द्यायचा नव्हता. तो संकोच समजण्यासारखा आहे, तरी अर्ध्या तासाच्या फोनने बरेच दिवस वाचले असते.

अक्षरओळख स्कॅन करतानाच करायला हवी. कारखान्याच्या नव्या स्कॅनरमध्ये शोधता येणारी पीडीएफ हा पर्याय आधीपासून होता, फक्त बंद होता. आता तो चालू आहे. बिलाच्या फाइलीचं नाव रोमन अक्षरांत: आधी वर्ष-महिना-दिवस, मग पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, मग बिल क्रमांक. मराठी नावांचा मला आग्रह आहे, पण दोन माणसं ‘टॉ’ दोन प्रकारे लिहितात तोवर शोधायच्या फाइलींना आकडेच बरे.

नेहमी लागणाऱ्या क्वेरी विंडोजमध्ये ‘सेव्ह सर्च’ने जपून ठेवल्या आहेत. तो फोल्डरासारखा दिसतो, पण उघडला की दरवेळी नव्याने शोधतो, त्यामुळे या महिन्याची बिलं त्यात आपोआप येतात. ताई आता अटी स्वतः लिहितात आणि पान भरत जातात.

एक गोष्ट संगणकाबाहेरची. धंदा बंद केलेल्या पुरवठादाराचं सूत एका दलालामार्फत यायचं. त्याला विचारायचं सुचलं तेव्हा कर भरून झाला होता. त्याच्याकडे त्या व्यवहारांचे सौदा-कागद निघाले. बिलाची जागा ते घेऊ शकले नसते, पण त्या पुरवठादाराचा घरचा पत्ता त्यांवर होता आणि मुदतीत गाठता आलं असतं तर प्रमाणपत्र मागता आलं असतं. टॅलीतून काढलेल्या यादीत आता प्रत्येक पुरवठादाराशेजारी दलालाचाही रकाना ठेवला आहे.